वेळ अर्ज मंजूर

वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एक खाकी कापडी पिशवी निघाली. घरात तिला 'कोर्टाची पिशवी' म्हणत. तारखेच्या आदल्या रात्री ती खुंटीवर दिसायची आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात जायची. आत सातबारे, फेरफाराचे उतारे, दाव्याची आणि कैफियतीची झेरॉक्स आणि रबर लावून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता. चिठ्ठ्या आमच्या वकिलांच्या कारकुनाच्या हातच्या. 'पुढील ता. १९. येणेची गरज नाही.' 'पुढील ता. ७. येणेची गरज नाही.' अशा पन्नासेक तरी असतील.

माझ्या आत्तीला अशी चिठ्ठी कधी मिळाली नाही. (कोल्हापूरकडे आत्याला आत्ती म्हणतात.) ती प्रत्येक तारखेला आली. सासरच्या गावाहून दोन एसट्या बदलून साडेदहाच्या आत तालुक्याच्या कोर्टात हजर, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत. दावा तिचा होता. प्रतिवादी क्रमांक एक माझे वडील, क्रमांक दोन धाकटे काका.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून ऐकली आणि ती त्यांनी आत्तीलाच ऐकवली होती. तेव्हा मला ती शहाणपणाची वाटली. आता वाटतं, ही म्हण ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्या तोंडी फार शोभते. पायरी न चढण्यात त्याचं काहीच जात नाही.

हा लेख मी वकिलांवरच्या रागातून लिहायला घेतला होता. तो राग अजून आहे, पण लिहिता लिहिता त्याचा पत्ता बदलला.

दावा साधा होता. आजोबा १९९९ मध्ये गेले. जमीन चार एकर सात गुंठे, वडिलोपार्जित, विहिरीसकट. आत्तीचं लग्न १९७८ चं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. आत्ती त्यातून सुटली. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची ती अट गळून पडली. आत्तीच्या गावातल्या एका शिक्षकाने तिला हे पेपरातून वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी तिने वाटपाचा दावा लावला आणि समान हिस्सा मागितला.

तालुका कोर्टातून निकाल लागायला सात वर्षं लागली. डिसेंबर २०१३ मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला, समान हिस्सा मान्य झाला. आम्ही जिल्हा कोर्टात अपील केलं. ते पडून असताना, ऑक्टोबर २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात सांगितलं की २००५ च्या दुरुस्तीचा फायदा मिळायला त्या तारखेला बापही हयात हवा. आजोबा तर सहा वर्षं आधीच गेलेले. २०१७ मध्ये आमचं अपील मंजूर झालं आणि आत्तीचा हिस्सा आजोबांच्या वाट्यातल्या एका तुकड्यावर आला. वडिलांनी त्या दिवशी पेढे आणले होते. मीही एक खाल्ला.

आत्तीने मुंबईला दुसरं अपील केलं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, बाप कधी गेला याच्याशी त्याचा संबंध नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने आत्तीचा समान हिस्सा परत दिला. दावा लावला तेव्हा ती पन्नाशीची होती. कायदा तिच्या बाजूचा होता, मधे फिरला, परत तिच्या बाजूला आला. फिरताना तो तिला गाठू शकला, कारण ती अजून कोर्टाच्या बाकावरच बसलेली होती. तालुक्याचा निकाल दोन वर्षांत लागून अपीलही वेळेत संपलं असतं, तर फुलवती कोण हे आमच्या घरात कुणाला कळलंही नसतं.

ही सात वर्षं कुठे गेली, हे मला पाहायचं होतं. म्हणून नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याच्या प्रती काढल्या. प्रत्येक दिवाणी दाव्याचा रोजनामा असतो. कोणत्या तारखेला कोण हजर, कोणता अर्ज आला, त्यावर काय आदेश झाला, पुढची तारीख कोणती, हे त्यात दोन-तीन ओळींत लिहिलेलं असतं. नक्कल घेताना तिथला एक जुना कर्मचारी म्हणाला, "रोजनाम्याची नक्कल मागणारे तुम्ही या वर्षातले दुसरे. लोक निकालाची नक्कल नेतात. रोजनामा कोण वाचतंय?"

मी वाचला. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि रेघा मारल्या. एकूण अठ्ठ्याऐंशी तारखा. त्यातल्या एकोणीस तारखांना न्यायाधीश रजेवर, प्रशिक्षणाला किंवा बदली होऊन जागा रिकामी. सात तारखा समन्सची बजावणी न झाल्याच्या. काका घरी असून बेलिफाला सापडत नव्हते, ती गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. सहा तारखा वकील कामकाजापासून अलिप्त राहिल्याच्या. तेरा तारखांना आत्तीच्या वकिलांनी वेळ मागितला. आणि 'प्रति. तर्फे वेळ अर्ज, मंजूर' अशा एकतीस. काहीतरी काम झालं अशा तारखा उरल्या बारा.

एकतीस. ते आम्ही होतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात लिहिलं आहे की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. ही तरतूद जुलै २००२ पासून लागू आहे, म्हणजे आमचा दावा लागण्याच्या चार वर्षं आधीपासून. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, पण अपवादात्मक परिस्थितीत न्यायाधीशाचे हात बांधलेले नाहीत असंही म्हटलं. अपवादाची ती फट पुढे दरवाजाएवढी झाली. कैफियत नव्वद दिवसांत द्यावी असंही संहितेत आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतही बंधनकारक नसून निर्देशात्मक ठरवली. आमची कैफियत चौदा महिन्यांनी दाखल झाली. रोजनाम्यात नोंद आहे: 'उशीर माफ, कॉस्ट रु. १००.'

म्हणजे तारखेला भाव होता आणि तो परवडणारा होता. आत्तीचे दोन एसट्यांचे तिकीट, बुडालेली मजुरी आणि चहा धरला तर त्या वेळी तिला एक तारीख आमच्यापेक्षा महाग पडत होती. जाणूनबुजून खोटा दावा किंवा खोटा बचाव केला, तर भरपाई म्हणून जास्तीत जास्त किती रक्कम लावता येते? तीन हजार रुपये. १९७६ च्या दुरुस्तीने ठरलेली ही मर्यादा आजही संहितेत तशीच उभी आहे. तेव्हाच्या तीन हजारांत आमच्याकडे बैलजोडी येत असे, असं काका सांगतात.

आमचे वकील आता प्रॅक्टिस करत नाहीत. मी त्यांना भेटायला गेलो. वही दाखवली, एकतीसवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून शांतपणे सांगितलं, "तुमच्या वडिलांनी मला केस जिंकायला सांगितलीच नव्हती. चालू ठेवायला सांगितली होती." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ती मी चांगली चालू ठेवली."

यात त्यांचा कोणता नियम मोडला? कोणताच नाही. हेच मला पचायला जड गेलं.

आत्तीची तक्रार तिच्या पहिल्या वकिलाबद्दल होती. साक्षीच्या टप्प्यावर ते तीन तारखांना फिरकले नाहीत. तिने वकील बदलायचं ठरवलं, तर त्यांनी राहिलेली फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही म्हणून सांगितलं. किती फी राहिली होती याचा कागद नव्हता. दिलेल्या पैशांच्या पावत्याही नव्हत्या. आत्तीने पाटल्या गहाण ठेवून फाइल सोडवली. फीपोटी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच आर. डी. सक्सेना प्रकरणात दिला होता. हे तिला सांगणार कोण? दुसरा वकील सांगू शकला असता. तो म्हणाला, "देऊन टाका मावशी, उगाच वाईटपणा नको." वाईटपणा त्याला नको होता, रोज एकाच बाररूममध्ये बसायचं असतं.

तक्रार करायची तर जागा आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे जाते. आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोव्याचं एकच कौन्सिल, मुंबईला. शिस्तपालन समिती तिघांची असते आणि तिघेही वकील. तक्रार वर्षभरात निकाली काढायची, नाही तर ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. समिती चार गोष्टी करू शकते: तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, काही काळ सनद निलंबित करणं किंवा यादीतून नाव कमी करणं. अशिलाचं जे नुकसान झालं ते भरून देणं या चारांत नाही. आत्तीला पाटल्या परत मिळण्याचा रस्ता तिथून जात नव्हता.

खोट्या तक्रारीही होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात महाराष्ट्र-गोव्याच्या बार कौन्सिलला पन्नास हजारांचा भुर्दंड बसवला. समोरच्या पक्षाच्या वकिलावर केलेली तक्रार कौन्सिलने पुढे चालवली होती. वकील आणि तक्रारदार यांच्यात अशील-वकील हे नातंच नसेल तर सहसा गैरवर्तनाचा प्रश्न उद्भवत नाही, असं न्यायालय म्हणालं. तत्त्व बरोबर आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक जण जिंकलेल्याच्या वकिलामागे लागेल. पण त्याचा आमच्या घरापुरता अर्थ असा की आत्तीची सात वर्षं ज्यांनी खाल्ली ते आमचे वकील तिला कधीच उत्तरदायी नव्हते. ते आम्हाला उत्तरदायी होते आणि आम्ही खूश होतो.

दुसरी जागा होती ग्राहक मंचाची. तीही बंद झाली. त्याची कथा दिल्लीची आहे. एका गृहस्थाचा वीस हजारांचा चेक वटला नाही, म्हणून त्याने वकील करून फौजदारी केस केली. समोरचा माणूस नमला. वीस हजार आणि वर पाच हजार खर्चापोटी देतो म्हणाला आणि ते वकिलाच्या हाती दिले. गृहस्थाची तक्रार अशी की वकिलाने ते अडवून ठेवले, फीपोटी पाच हजारांचा दावा त्याच्यावरच लावला आणि नंतर पाच हजारांच्या चेकचं पेमेंट थांबवायलाही लावलं. गृहस्थ ग्राहक मंचात गेला. राष्ट्रीय आयोगाने २००७ मध्ये सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येते. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १४ मे २०२४ ला न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या पीठाने निर्णय दिला की येत नाही. डॉक्टर १९९५ पासून या कायद्यात आहेत. त्या निकालाचाही फेरविचार व्हावा, असं पीठाने जाताजाता सुचवलं.

त्या निकालातलं एक कारण मी पुन्हा पुन्हा वाचलं. वकिलावर अशिलाचं बरंच थेट नियंत्रण असतं, तो अशिलाच्या सूचनेशिवाय पाऊल उचलू शकत नाही, म्हणून हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे. आत्ती तिच्या वकिलाच्या ऑफिसच्या जिन्यात दोन-दोन तास बसायची. तिचं त्यांच्यावर कसलं नियंत्रण! पण माझ्या वडिलांचं होतं. त्यांनी 'चालू ठेवा' म्हटलं आणि केस चालू राहिली. न्यायालयाने वर्णन केलेला अशील मला आमच्याच घरात सापडला.

आता उरलेला उपाय काय, तर वकिलावर निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा. तो लावता येतो. त्याच कोर्टात, त्याच बोर्डावर, नवा वकील करून.

न्यायालयांनी कधी अशिलाची बाजू घेतलीच नाही असं नाही. १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात वकील गैरहजर राहिला म्हणून उच्च न्यायालयाने निकाली काढलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं. खेड्यातल्या माणसाने वकील नेमला, फी दिली, त्याचं काम संपलं. वकील आला की नाही हे बघायला त्याने रोज कोर्टात यायचं का, असा त्यातला सूर होता. खर्चाचे दोनशे रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करा, असंही सांगितलं. मला त्या निकालात सगळ्यात आवडते ती ही दोनशेची रक्कम, कारण तिथे चूक कुणाच्या तरी नावावर मांडली गेली. पुढे १९९३ मध्ये न्यायालय म्हणालं की हा नियम सरसकट नाही. शहरातल्या शिकलेल्या पक्षकाराने सगळं वकिलावर ढकलू नये. तेही खरं आहे.

न्यायाधीशांबद्दल मी कमी लिहितो आहे हे मला कळतं. त्यांच्या उत्तरदायित्वाची चर्चा बहुतेक वेळा भ्रष्टाचाराच्या आरोपांपाशी जाते. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांनी पुस्तकाच्या मानधनावरून उठलेल्या वादानंतर राजीनामा दिला, आणि त्या प्रकरणातल्या निकालातूनच न्यायमूर्तींच्या अंतर्गत चौकशीची पद्धत पुढे आली. आत्तीच्या दाव्यातल्या तीन न्यायाधीशांवर असा कोणताही आरोप कुणी केला नाही. एकाने पुरावा ऐकला, दुसऱ्याच्या काळात फक्त तारखा पडल्या, तिसऱ्याने निकाल लिहिला. ज्याच्यासमोर आत्ती साक्षीला उभी राहिली त्याने तो लिहिला नाही. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये म्हटलं होतं. आज मंजूर पदं धरूनही ते प्रमाण एकवीसच्या आसपासच आहे. समोर शंभर नावांचं बोर्ड असलेल्या माणसाला 'वेळ अर्ज मंजूर' लिहिणं ही विश्रांती वाटत असेल. नामंजूर करायचा तर कारणं लिहावी लागतात.

सहा तारखा बहिष्कारात गेल्या त्याचंही एकदा बोलायला हवं. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आमच्याकडचे बहिष्कार उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून होते. मागणी रास्त होती. आत्तीचा मुलगा दुसऱ्या अपिलासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचा, सकाळी सीएसएमटीला उतरून तिथेच तोंड धुवायचा, दिवसभर कोर्टात बसून त्याच गाडीने परत. १७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीला रोषणाई होती. सहा जिल्ह्यांची चाळीस वर्षांची मागणी पुरी झाली. मी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवल्या. आत्तीचं मुंबईचं काम तीन वर्षांपूर्वीच संपलं होतं. बेंचसाठी तिच्या दाव्यातल्या सहा तारखा गेल्या, बेंच मात्र तिच्या उपयोगाला आलं नाही.

तर आत्ती जिंकली. आणि मग?

भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालय आजही ते वाक्य आपल्या निकालांत उद्धृत करतं. अंमलबजावणीची दरखास्त सहा महिन्यांत संपवा असं त्याने २०२१ मध्ये सांगितलं, मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं आणि सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ऑक्टोबरात ते आले: देशात आठ लाख ब्याऐंशी हजारांवर दरखास्ती पडून, आणि सर्वांत मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा. एरवीचे खटले पाच कोटींच्या वर आहेत. तो आकडा इतका मोठा आहे की त्याने आता कुणाला काही होत नाही. हा लहान आकडा मला जास्त टोचतो. हे सगळे जिंकलेले लोक आहेत.

शेतजमिनीच्या वाटपात आणखी एक वळण आहे. सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. हुकूमनामा कलेक्टरकडे जातो. तिथून तहसीलदार, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेख. प्रत्येक टेबलावर कागद नवा असतो आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: "समोरच्यांची हरकत आहे का?" प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून पुढचं काम चालवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सांगितलं आहे. आत्तीच्या मुलाला मी ते छापून दिलं. तो म्हणाला, "तहसीलमध्ये दाखवलं. क्लार्क म्हणाला, कोर्टाचं कोर्टात."

खटल्यांची आकडेवारी हल्ली सरकारी पोर्टलवर रोज दिसते. विलंबाची कारणंही तिथे वर्गवार असतात. त्यात 'वकील उपलब्ध नाही' हे कारण ठळक आहे. कोणत्या बाजूचा, किती वेळा, कुणाच्या सांगण्यावरून, हे रकाने नाहीत. रोजनाम्यात मात्र हे सगळं असतं. प्रत्येक दाव्यात असतं. फक्त त्याची बेरीज कुणी करत नाही, आणि निकालपत्रात ती लिहिली जात नाही. आमच्या दाव्याच्या बावीस पानी निकालात आत्तीच्या लग्नाची तारीख आहे, विहिरीची खोली आहे. एकतीस वेळ अर्ज नाहीत. मी विचारलेल्या एका तरुण वकिलाला ही कल्पना आवडली नाही. "बेरीज लिहिली तर अशील आम्हालाच धरणार," तो म्हणाला. नुकतीच सनद घेतलेला, सीनिअरकडे जेमतेम पेट्रोलपुरत्या पैशांवर काम करणारा मुलगा. त्याची भीती खोटी नाही. पण आमच्या दाव्यात अशिलाने वकिलाला धरण्याआधी त्या बेरजेने अशिलालाच धरलं असतं.

वडिलांशी मी यातलं काही बोललो नाही. ते २०२१ मध्ये गेले, उच्च न्यायालयाच्या निकालाच्या एक वर्ष आधी. दहाव्याला आत्ती आली होती. तिने भावाच्या पिंडाला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "दादानं लई हिंडिवलं मला. पर माझ्या बाळंतपणाला रातीत सायकलवरनं डॉक्टर आनल्याला त्यानंच." दोन्ही वाक्यं तिने एकाच आवाजात म्हटली.

यंदा भाद्रपदात मोजणीची तारीख लागली. भूमी अभिलेखचे भूकरमापक आले, तलाठी आले, आत्ती मुलाच्या गाडीवरून आली. मी आमच्या बाजूने हजर होतो. शेतात पुरुषभर उंच ऊस उभा. कारखान्याला नोंद काकांच्या नावची, पण बिलातली निम्मी रक्कम माझ्या आईच्या खात्यावर येते. लावण झाली तेव्हा मोजणीचा अर्ज जाऊन चार महिने झाले होते. हे काकांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

भूकरमापकांनी बांधावरून दोन चकरा मारल्या, मशीन पेटीतून काढलंच नाही आणि पंचनामा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर सह्यांसाठी कागद फिरवला. आत्तीने तो वाचून दाखवायला सांगितला.

"शेतात उभे पीक असल्याने मोजणी करता आली नाही. पीक निघाल्यानंतर पुढील तारीख देण्यात येईल."

"साहेब," आत्ती म्हणाली, "पीक कुनाचं, ते बी लिवा की."

"मावशी, तसा रकाना नसतो यात," ते म्हणाले आणि पेन माझ्याकडे दिला.